चर खणण्याआधी

मुल्लानपूर हे नाव मराठी घरांत अलीकडेच ऐकू यायला लागलं. कुणाला ते २०२४ पासून तिथं होणाऱ्या आयपीएलच्या सामन्यांमुळे माहीत असतं, तर कुणाला टाटा मेमोरियल सेंटरनं तिथं उभारलेल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या कर्करोग रुग्णालयामुळे. चंदीगडला लागून असलेलं, पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातलं हे गाव. त्याच्याभोवती आता ‘न्यू चंदीगड’ वाढतंय: रुंद रस्ते, सेक्टर, उंच इमारती, आणि मागं शिवालिकच्या बुटक्या टेकड्यांची रांग. या सगळ्याच्या मधून वाळू-गोट्यांचे रुंद पट्टे जातात. वर्षातले बहुतेक महिने त्यांत पाण्याचा टिपूस नसतो. तिथले लोक त्यांना ‘चो’ किंवा ‘राव’ म्हणतात: पतियाळा की राव, जयंती देवी की राव. शाळेच्या बसमधून रोज जाणाऱ्या मुलाला ती नुसती पडीक जागा वाटते. जुलै २०२३ मध्ये तिथं तुफान पाऊस झाला तेव्हा हेच कोरडे पट्टे रस्त्यांवर आणि वस्त्यांमध्ये शिरले.

मुलांना पाणलोट हातानं आणि पायानं शिकवायचा असेल, तर अशी जागा सोन्यासारखी. म्हणून या लेखात मी मुल्लानपूर आणि त्याच्या आसपासचा मुलूख उदाहरणाला घेतलाय. नोकरीनिमित्त चंदीगड-मोहालीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो थेट उपयोगी पडेल. पण हीच रीत पुरंदरच्या, पारनेरच्या किंवा पाटोद्याच्या शाळेतही चालते. फक्त दगड बदलतो आणि त्याबरोबर प्रश्नही बदलतो. तो कसा, ते पुढं येईलच.

आधी एक तक्रार. महाराष्ट्रात २०२०-२१ पासून नववीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आला, पाठोपाठ दहावीलाही. कल्पना चांगलीच होती. पण बहुतेक शाळांत तो श्रेणीचा विषय म्हणून वहीत उरकला जातो. जिथं उत्साह असतो तिथं २२ मार्चला, जागतिक जलदिनी, मुलांना टेकडीवर नेतात, हातात कुदळी देतात, चार चर खणतात, फोटो काढतात, वडापाव खाऊन परत येतात. मार्चमध्ये! ओढा कोरडा ठणठणीत, माती दगडासारखी, पाऊस अडीच महिने लांब. तो चर कुठं खणायचा हे कुणीतरी आधीच फक्कीनं आखून ठेवलेलं असतं. मुलांनी त्यात श्रम केलेले असतात, विचार केलेला नसतो. माझं म्हणणं असं की खणणं ही या शिक्षणातली शेवटून दुसरी पायरी आहे. त्याआधी पाण्याच्या वाटेनं चालायचं असतं आणि पाणी मोजायचं असतं. आणि खणून झाल्यावर, अडलेलं पाणी कुणाला मिळणार हा प्रश्न मुलांपुढं ठेवायचा असतो. तो नाही ठेवला तर आपण फक्त मजुरी शिकवली.

आधी चाला

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दमदार पावसाची वाट बघा. तो थांबल्याबरोबर, अजून पागोळ्या गळत असताना, मुलांना बाहेर काढा. पन्हाळीतून पडलेलं पाणी कुठं गेलं? अंगणाच्या कोणत्या कोपऱ्याला? तिथून गेटाबाहेर, की मागच्या गटारात? वाळलेली पानं किंवा लाकडाचा भुसा टाकला की वाट डोळ्यांना दिसते. मुलांनी ती वहीत बाणांनी काढायची. पहिल्या दिवशी नकाशा वेडावाकडा येईल. येऊ द्या.

या नकाशावर मुलांना एक रेघ शोधायला सांगा: जिच्या एका अंगाला पडलेलं पाणी गेटाकडे जातं आणि दुसऱ्या अंगाला पडलेलं मागं. ती रेघ म्हणजे जलविभाजक, आणि तिच्या एका बाजूची सगळी जमीन म्हणजे एक पाणलोट. सुपात कुठंही पाणी ओता, ते तोंडाशीच येतं. सुपाचे उभे काठ म्हणजे हा विभाजक. अंगणात ही रेघ सापडलेल्या मुलाला व्याख्या पाठ करावी लागत नाही.

मग तीच रेघ मोठ्या नकाशावर. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे इंटरनेटवरून मिळवता येतात. त्यावर समोच्च रेषा साधारणपणे २०-२० मीटरच्या अंतरानं असतात. नकाशा छापून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, निळ्या पेन्सिलीनं ओढे, तांबड्या पेन्सिलीनं विभाजक. एक सोपी खूण सांगून ठेवा: समोच्च रेषांची टोकं उताराच्या वरच्या बाजूला वळली असतील तर तिथं ओघळ किंवा ओढा, खालच्या बाजूला वळली असतील तर तिथं सोंड किंवा धार. आठवीतल्या मुलांना दोन तासिकांत हे जमतं. मोठ्या माणसांनाच वेळ लागतो.

मुल्लानपूरला या नकाशात फार मजेची गोष्ट निघते. पतियाळा की राव दक्षिणेकडे, पतियाळा शहराच्या दिशेनं जाते आणि तिचं पाणी घग्गर नदीकडे उतरतं. घग्गर राजस्थानच्या वाळूत संपते, समुद्राला मिळत नाही. याउलट मुल्लानपूरपासून जवळच असलेल्या सिसवां नदीचं पाणी पश्चिमेकडे सतलजला मिळतं, म्हणजे सिंधूला आणि शेवटी अरबी समुद्राला. शेजारच्या दोन खोऱ्यांतल्या पाण्याचं नशीब इतकं वेगळं! आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावरच्या कोणत्याही गावात असाच खेळ मांडता येतो: इकडचं पाणी कोकणातून अरबी समुद्रात, तिकडचं कृष्णा-गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात. त्र्यंबकेश्वर किंवा महाबळेश्वरची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी ही रेघ पायाखालून जाते तिथं बस थांबवावी. मंदिर आणि स्ट्रॉबेरी नंतरही बघता येतील.

मग मोजा

पर्जन्यमापक विकत घेऊ नका, मुलांना करू द्या. दोन लिटरची शीतपेयाची बाटली घ्या, जिचा मधला भाग सरळ आहे अशी. खांदा सुरू होतो तिथं कापा. कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं बाटलीत बसवा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून तळाशी खडे घाला आणि सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी ओता; तिथं शून्याची खूण. त्या खुणेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचं अंग एकाच व्यासाचं असलं की पट्टीवर दिसेल तेवढेच मिलिमीटर पाऊस. बाटली उघड्यावर ठेवायची, झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर, आणि जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे उडालेलं पाणी आत जाणार नाही. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठची असते. आपलीही तीच वेळ ठेवा. मोजून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणायचं. हे शेवटचं हमखास विसरलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला वाटतं की मोठा पाऊस झाला.

आता गणिताच्या बाईंना बोलवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर २० मीटर लांब, १० मीटर रुंद असेल, तर २०० चौरस मीटर. एका पावसात २५ मिमी पडला तर ५,००० लिटर. थोडं भिजण्यात, उडण्यात, सांडण्यात जातं. ऐंशी टक्के हाती लागलं असं धरलं तरी ४,००० लिटर, म्हणजे हजार लिटरच्या चार टाक्या. चंदीगड भागात वर्षाला साधारण १,१०० मिमी पाऊस पडतो. त्या हिशेबानं याच छपरावर वर्षाकाठी १ लाख ७६ हजार लिटर. तेच छप्पर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारसारख्या गावात असेल, जिथं पाऊस ४०० मिमीच्या आसपास, तर ६४ हजार लिटर. हा आकडा फळ्यावर आला की वर्गात थोडी गडबड उडते, कारण त्याच शाळेत उन्हाळ्यात टँकर येत असतो.

पुढचं मोजमाप जिरण्याचं. दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा घ्या. कडा धारदार असतात, त्यांवर चिकटपट्टी लावून घ्या. वर फळी ठेवून ठोकत तो दोन बोटं जमिनीत उतरवा. आधी एकदा पाणी ओतून जमीन भिजवा, मग खुणेपर्यंत पाणी भरा आणि ते बोटभर खाली जायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघा. एक डबा खेळाच्या मैदानात, एक लिंबाच्या झाडाखाली पाचोळ्यात, एक शेतात. मैदानातलं पाणी हलता हलत नाही. ‘झाडं लावा, पाणी जिरवा’ हे मुलांनी भिंतीवर शंभरदा वाचलेलं असतं. त्यातलं कारण त्यांना इथं कळतं. मुळं आणि गांडुळं जमिनीत वाटा करतात, पाचोळा थेंबाचा मार झेलतो, आणि शेकडो बुटांखाली दाबलेल्या मैदानात त्या वाटा उरत नाहीत.

तिसरं मोजमाप गाळाचं, आणि मुल्लानपूरला तेच सगळ्यात महत्त्वाचं. पाऊस चालू असताना वेगवेगळ्या गटारांचं आणि ओहोळांचं पाणी सारख्या बाटल्यांत भरा: एक गवताळ चरातलं, एक शेताच्या बांधावरचं, एक इमारतीचं काम चालू असलेल्या जागेजवळचं. न्यू चंदीगडमध्ये ही तिसरी जागा शोधायला लांब जावं लागणार नाही. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून वर्गाच्या खिडकीत रात्रभर ठेवा. वाळू मिनिटाभरात खाली बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दिवसभर तरंगत राहते. घाई असेल तर तुरटी फिरवा, पण मग सगळ्या बाटल्यांत सारखीच. दुसऱ्या दिवशी मुलं पट्टी लावून थर मोजतात. गवताळ चराच्या बाटलीत जेमतेम नखाएवढी रेघ असते आणि बांधकामाच्या बाटलीत बोटभर चिखल. कुणी भाषण करायची गरज राहत नाही.

आता दगडाची गोष्ट. शिवालिकच्या टेकड्या भूशास्त्राच्या हिशेबात कोवळ्या आहेत. त्यांत कच्चा वालुकाश्म, माती आणि नदीनं आणलेले गोटे एकमेकांत मिसळलेले. हातानं चुरडावेत असे. वरचं गवत-झाड गेलं की पावसागणिक डोंगर खाली वाहतो. आणि टेकड्यांच्या पायथ्याशी गोट्या-वाळूचा जाड थर असल्यानं पाणी लगेच खाली मुरतं. चो इतका वेळ कोरडा दिसण्याचं एक कारण तेच. म्हणजे तिथली पहिली अडचण माती थांबवण्याची. १९०० साली ब्रिटिश सरकारनं होशियारपूरकडचे चो आवरण्यासाठी पंजाबात खास कायदा केला होता, इतकी ही गोष्ट जुनी.

आपल्याकडे बरोबर उलट. दख्खनचा काळा पाषाण कठीण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे इथं प्रश्न ‘किती मुरेल आणि किती दिवस टिकेल’ असा पडतो. हे दाखवायला उत्तम जागा म्हणजे कठडा असलेली जुनी विहीर. कठड्याला पोट टेकवून, शिक्षक शेजारी उभे राहून, मुलांनी वरून खाली थर वाचायचे: काळी माती, मुरूम, मग विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा खडक, मग अखंड काळा दगड. झरे कोणत्या थरातून पाझरतात ते उन्हाळ्यात स्पष्ट दिसतं. गावातल्या विहीर खणणाऱ्या एखाद्या आजोबांना बरोबर घ्या. भूगोलाचं पुस्तक लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं, आणि त्यांना शाळेत कुणी बोलावलेलं नसतं.

ए-फ्रेम

या सगळ्यानंतर चराची पाळी. चर समतल का हवा, हे मुलांना खणायच्या आधी आखताना कळलं पाहिजे. त्यासाठी ए-फ्रेमइतकं स्वस्त आणि शहाणं अवजार मला दुसरं माहीत नाही. सारख्या लांबीच्या दोन काठ्या, साधारण दोन मीटरच्या, वरच्या टोकाला घट्ट बांधायच्या. पाय फाकवून मध्ये आडवी काठी बांधायची. वरच्या गाठीपासून सुतळीला दगड लटकवायचा, सुतळी आडव्या काठीच्या पुढून जाईल असा.

आता ती ‘लावायची’. हा भाग घाईत उरकू नका, यातच सगळं विज्ञान आहे. दोन्ही पाय जमिनीवर जिथं टेकतील तिथं खुंट्या ठोका. सुतळी स्थिर झाली की ती आडव्या काठीला जिथं ओलांडते तिथं पेन्सिलीची खूण करा. मग ए-फ्रेम उलटी फिरवा: डावा पाय उजव्या खुंटीवर, उजवा डाव्या. पुन्हा खूण. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी, ठळक. सुतळी या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर. काठ्या थोड्या वाकड्या असल्या तरी चालतं, जमीन उतरती असली तरी चालतं. दोनदा मोजून मध्य घेतल्यानं चूक चुकीला खाते. सातवीतली मुलं इथं दोन मिनिटं गप्प होतात आणि मग कुणीतरी विचारतं, ‘पण दोन खुणा एकाच जागी आल्या तर?’ तर सुरुवातीलाच जमीन सपाट होती.

मग एक पाय ठेवायचा, दुसरा वर-खाली फिरवत सुतळी मधल्या खुणेवर आणायची, तिथं फक्की टाकायची, आणि पहिला पाय उचलून पुढं. वारा असला तर दगड जड घ्या. दहा-पंधरा पावलांनंतर मागं वळून बघितलं की रेघ सापासारखी वळलेली दिसते, आणि जो कोपरा सगळ्यांना ‘वरचा’ वाटत होता तिथून ती खुशाल गेलेली असते. डोळ्यांवर विश्वास ठेवून सरळ दोरी लावून खणलेला चर एका टोकाला पाणी गोळा करतो, तिथं फुटतो आणि त्या फुटीची पुढं घळ होते. मुद्दाम एक छोटा चर असा तिरका खणून ठेवा आणि पावसाळ्यात दोन्ही शेजारी बघू द्या. फसलेला चर शिकवतो ते नीट जमलेला शिकवत नाही.

खणणं थोडंच ठेवा: साधारण दोन फूट रुंद, फूटभर खोल, आठ-दहा मीटर लांब, आणि निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला. तेवढं पुरे. पोरं म्हणजे रोजगार हमीचे मजूर नव्हेत. २०१६ पासून झालेल्या पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धांमुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ए-फ्रेम आणि पाण्याच्या नळीचा हायड्रोमार्कर वापरायला शिकलेली माणसं आहेत. तुमच्या पंचक्रोशीत चौकशी करा. कुणीतरी निघतंच, आणि तो तरुण मुलांना आपल्यापेक्षा चांगलं शिकवतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमानं शाळेतल्या मुलांना काम करत शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात गावातल्या कामाला आणि कारागिराला जागा आहे. ती कल्पना उचलण्यासारखी आहे.

लहान मुलांसाठी चरापेक्षा वनराई बंधारा बरा. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे तो महाराष्ट्रभर माहीत झाला. पावसाळा सरताना ओढ्याला बारीक धार असते तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंड शिवून, विटांसारख्या सांधे मोडत रचायच्या. दोन तासांत पाणी तुंबलेलं दिसतं, हे त्याचं मोठेपण. फक्त उन्हाळ्यात गोण्या उचलून आणायची जबाबदारी त्याच वर्गावर टाका. नाहीतर पुढच्या पावसात ओढाभर प्लॅस्टिकच्या चिंध्या.

आणि वाटून बघा

मुल्लानपूरहून मुलांची एक सहल काढायची झाली तर ती सुखोमाजरीला काढा. पिंजोरजवळचं, हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यातलं छोटंसं गाव. पण तिथं न्यायच्या आधी वर्गात एक खेळ खेळा.

प्रत्येक गटाला एका घराची चिठ्ठी द्या: घरात माणसं किती, जमीन किती, शेळ्या किती. एका घराला बांधाखाली चार एकर, एकाला टेकडीजवळ अर्धा एकर, एकाला जमीनच नाही पण बारा शेळ्या. मध्ये पाण्याची बादली. पहिल्या फेरीत पाणी जमिनीच्या हिशेबात वाटा. मग शेळ्यावाल्या गटाला सांगा: टेकडीवर गवत उगवलं नाही तर बांध गाळानं भरेल, तेव्हा तुम्ही शेळ्या वर सोडू नका. ते काय म्हणतात ते ऐका. साधारणतः म्हणतात, ‘आम्हाला काय मिळणार?’ दुसऱ्या फेरीत दर घराला सारखं, तिसरीत दर माणशी. प्रत्येक फेरीनंतर मतदान. आवाज वाढतील, वाढू द्या. वाटणीची चर्चा अशीच असते.

मग सुखोमाजरीची गोष्ट सांगा. १९५८ मध्ये सुखना चो अडवून चंदीगडचा सुखना तलाव झाला, आणि थोड्याच वर्षांत तो गाळानं भरायला लागला. गावकरी नव्हे, शहरातले लोक श्रमदान करून गाळ उपसत. माती येते कुठून हे शोधताना केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्रातल्या पी. आर. मिश्रा यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वरच्या टेकड्यांवरची उघडीबोडकी गावं दिसली. सुखोमाजरी त्यांतलं एक. १९७० च्या दशकाच्या मध्यात तिथं मातीचे छोटे बांध घातले गेले. पण पाणी सुरुवातीला ज्यांची जमीन सोयीच्या जागी त्यांनाच मिळालं, आणि बाकीच्यांनी शेळ्या आवरायचं कारणच उरलं नाही. वाट निघाली ती पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा ठरवल्यावर. भूमिहीनालाही वाटा, त्यानं तो वापरावा किंवा दुसऱ्याला द्यावा. त्या बदल्यात टेकडी चराईला बंद. कुंपण नाही, पहारेकरी नाही, सगळ्यांचा मिळून शब्द. टेकडीवर भाभर गवत वाढलं, ते दोर वळायला आणि कागद गिरण्यांना लागतं. शेळ्या कमी झाल्या आणि गोठ्यात म्हशी वाढल्या.

महाराष्ट्रात याच सुमाराला पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे दुसऱ्या टोकानं त्याच जागी पोचले होते. १९७२ च्या दुष्काळानं हेलावलेल्या या इंजिनिअरनं पाणी पंचायतीचे नियम बसवले: पाण्यावरचा हक्क जमिनीवर नाही, माणशी, भूमिहीनालाही, आणि ऊस लावायचा नाही. मुलांना ही दोन गावं शेजारीशेजारी दाखवा. हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंदही त्याच्याच जोडीला: पाऊस मोजायचा, विहिरी बघायच्या, आणि त्यावरून यंदा काय पिकवायचं ते गावानं बसून ठरवायचं. आकडेमोड मुलांनी छपराच्या वेळी केलेलीच असते. इथं त्या आकड्यांवर माणसं भांडतात आणि ठरवतात हे कळतं.

पण सुखोमाजरी देव्हाऱ्यात ठेवू नका. पुढं तिथली वाटणीची पद्धत बदलली, बांधांतही गाळ आला. आणि खाली सुखना तलावाचं काय झालं ते मुलांना जरूर सांगा. पाणलोटात बांध आणि झाडी वाढल्यावर गाळ कमी झाला, पण पुढच्या काळात तलावात पाणीच कमी येतं अशी ओरड सुरू झाली. वरच्या बांधांनी ते अडवलं, हे त्यातलं एक कारण सांगितलं गेलं. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च २०२० मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं तलावाला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला. ‘पाणी अडवा’ म्हणताना खाली कुणीतरी त्याच पाण्याची वाट बघत असतं. जायकवाडीचं पाणी की नाशिक-नगरचं, हे भांडण बातम्यांत ऐकलेल्या आपल्या मुलांना हे समजायला जड जात नाही. चौथी फेरी खेळायची असेल तर एका गटाला खालचा तलाव करा.

काही सावधगिरी

पावसाळ्यात चोच्या पात्रात मुलांना उतरवू नका, कितीही कोरडा दिसला तरी. टेकड्यांवर पाऊस पडतो आणि खाली ऊन असताना लोंढा येतो. पात्रातून फिरायचं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा पुराच्या खुणाही ताज्या असतात, फांद्यांत अडकलेला पाचोळा बघून पाणी किती वर चढलं होतं ते मुलांना मोजता येतं. वाळू-गोटे उपसलेल्या खड्ड्यांपासून लांब राहा. त्यांतलं पाणी उथळ दिसतं आणि नसतं. सुखना अभयारण्यात किंवा टेकड्यांवरच्या जंगलात जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा, लेखी. सिसवां किंवा जयंतीच्या धरणाच्या भिंतीवरून पाणलोट छान दिसतो, पण तिथं वीस मुलांमागे एक शिक्षक पुरत नाही, दहांमागे एक धरा. पायांत बूट, डोक्याला टोपी, प्रत्येकाची पाण्याची बाटली. आणि विहिरीची पातळी मोजताना दोर बाईंच्या किंवा सरांच्या हातात, वही मुलांच्या.

विहिरी मोजणं हे एका वर्षाचं काम नाही. मे महिन्यात पाऊस यायच्या आधी आणि ऑक्टोबरात तो सरल्यावर, त्याच त्या चार-पाच विहिरींची पातळी, काठापासून पाण्यापर्यंत, गाठी मारलेल्या दोरानं. पावसाची वही रोजची. दहावीच्या मुलांनी जाताना ती नववीच्या हातात द्यायची, आणि मुखपृष्ठावर शाळेचं नाव, विहिरींच्या खुणा आणि बाटलीची जागा लिहून ठेवायची, कारण बाटली हलली की जुने आकडे नव्याशी जुळत नाहीत. तीन वर्षांची वही साठली की ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत दहा मिनिटं मागा. ऑक्टोबरातले आकडे रब्बीच्या पेरणीआधी वाचून दाखवले, तर कुणीतरी शेतकरी उठून विचारतोच की माझ्या विहिरीचं काय, आणि पुढच्या वर्षी मोजायला आणखी एक विहीर मिळते.